पायवाट आणि परवाना

दार्जिलिंगहून सुमारे २६ किलोमीटरवर, भारत-नेपाळ सीमेवर मानेभंज्यांग हे गाव आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली शंभर मैलांची, म्हणजे जवळपास १६० किलोमीटरची शर्यत इथून निघते आणि पाच दिवसांनी इथेच संपते. पहिल्याच दिवशी सिंगालीलाच्या जंगलातून ३८ किलोमीटर चढून संदकफू गाठायचे. सुमारे दोन हजार मीटरवरून ३,६३६ मीटरवर. तिसऱ्या दिवशी पूर्ण मॅरेथॉन, रिंबिकच्या उतारावर गुडघ्यांची परीक्षा पाहणारी.

काही वर्षांपूर्वी मी ती धावलो. ‘धावलो’ म्हणणे थोडे धाडसाचेच, कारण त्या चढावर जवळजवळ सगळे चालतात. आणि चालणाऱ्याला आजूबाजूचे दिसते. ओकची झाडी मागे पडून गुरांस आणि बांबूची बेटे सुरू झाली, तेव्हा दगड बसवलेल्या वाटेवर मला धावपटूंपेक्षा गावकरीच अधिक भेटले. कपाळावरच्या पट्ट्याला डोको अडकवून चाऱ्याचा भारा वाहणाऱ्या बायका, तांदळाची पोती लादलेली घोडी, जुनाट लँड रोव्हर हाकणारे चालक. आमचे पाणी, अंथरूण आणि उकडलेले बटाटे याच लोकांनी वर पोहोचवले होते. ज्या वाटेला आम्ही ‘ट्रेल’ म्हणत होतो, ती त्यांची रोजची वहिवाट होती.

सिंगालीला १९८६ मध्ये अभयारण्य आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. म्हणजे शर्यत उद्यानाहून एका वर्षाने मोठी, आणि वाट दोहोंहून कितीतरी जुनी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला मनाई आहे. त्याच कायद्याच्या कलम २८ नुसार मात्र पर्यटनासाठी प्रवेशाचा परवाना मिळू शकतो. गुराख्याला बंदी, धावपटूला परवाना. यातील पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. तांबड्या पांडाचे सारे जीवन बांबूच्या पानांवर चालते आणि मोकाट चराईत तो बांबू टिकत नाही. खटकते ते एवढेच की, धावपटूला आत सोडायचे की नाही, हे ठरवताना त्या वाटेवर राहणाऱ्यांना विचारावे, असे हे कलम कुठेही सांगत नाही.

विचारण्याची जागा कायद्यात आहे. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतो आणि वनाच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेला देतो. ब्रिटिश काळात वृक्षलागवडीच्या मजुरीसाठी वसवलेली वनगावे महसुली गावे करण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु दार्जिलिंगच्या डोंगरात २००० नंतर पंचायत निवडणूक झाली ती थेट २०२३ मध्ये. जिथे पंचायतच दोन दशके कागदावर होती, तिथे ग्रामसभेचे मत कोण नोंदवणार?

संकट आले की आपली सरकारे दार लावून घेतात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या वणव्यात पदभ्रमण करणारे वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकातील कुमार पर्वतावर हजारोंची गर्दी झाली, पुन्हा बंदी. चीननेही मे २०२१ मध्ये गान्सूतील १०० किलोमीटरच्या शर्यतीत २१ धावपटू थंडीवाऱ्याने गारठून मरण पावल्यावर अशा शर्यती थांबवल्या. त्या दिवशी सहा जणांचे प्राण वाचवणारा माणूस आयोजकांच्या पथकातला नव्हता, तो जवळच्या गुहेत आडोशाला थांबलेला मेंढपाळ होता.

तमिळनाडूने पुढे निराळा मार्ग धरला. २०२४ मध्ये तिथे ४० वाटा नोंदणीसह खुल्या झाल्या आणि वाटाड्या म्हणून डोंगरातल्याच तरुणांना प्रशिक्षण मिळाले. सिंगालीलातही पदभ्रमणासाठी स्थानिक वाटाड्या सक्तीचा आहे, हे तिथल्या व्यवस्थेचे श्रेय. पण वाटाड्या हा रोजंदारीवरचा माणूस. दरदिवशी किती पावले त्या वाटेवर पडावीत, हे तो ठरवत नाही.

२०२३ च्या वन संवर्धन दुरुस्तीने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. वनखात्याच्या आराखड्यात असलेल्या ईको-टुरिझमच्या सुविधा आता ‘वनेतर वापर’ ठरत नाहीत. शिवाय आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील सामरिक रस्त्यांनाही सूट मिळाली आहे. सिंगालीलाची धार तर सीमेवरच उभी आहे.

माझ्या मते परवाना देण्यापूर्वी वाटेवरील प्रत्येक ग्रामसभेचा ठराव घ्यावा. त्यात धावपटूंची कमाल संख्या, हमालांची मजुरी, त्यांचा विमा आणि बचावाचे प्रशिक्षण या गोष्टी लेखी असाव्यात. आयोजकांना हे जड जाईल, प्रवेशशुल्कही वाढेल. जे धावायला एवढ्या लांब येतात, त्यांना ते परवडते. उद्यान दरवर्षी १६ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत बंद असते आणि शर्यत पावसाळा सरल्यावर होते. ग्रामसभा बोलावायला तेवढे तीन महिने पुरेसे आहेत.