हुकूम एकाचाच
१९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले, सुमारे ७०० इमारती जाळल्या. मदतीला अनेक दलं धावली. पण प्रत्येकाची परिभाषा वेगळी, साहेब वेगळा. (आपल्याकडच्या लग्नघरात याची कल्पना येते!) त्या गोंधळातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ घडली. घटनास्थळी सूत्रं एका ठिकाणी, प्रत्येकाला वरिष्ठ एकच आणि एका वरिष्ठाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाचच. बोलायचं सरळ भाषेत, सांकेतिक आकड्यांत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिची भारतीय आवृत्ती आणली. जिल्ह्यात जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. इन्सिडेंट कमांडरखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि रसद हे तीन विभाग. अमेरिकेत हिशेबाचा विभाग स्वतंत्र असतो, आपल्याकडे तो रसदीच्या पोटात.