शेगडी घेताना

मासे, कणसे, वांगी भाजायला कोळशाची शेगडी घेणार असाल, तर भगिनींनो, रंगाला भुलू नका. तो चार दिवसांत उडतोच. शेगडी उचलून पाहा. पातळ पत्रा आचेने वाकतो, लवकर गंजतो. पाय डगमगतात का, राखेचे दार नीट सरकते का, हे दुकानातच पाहावे. जाळी बिडाची किंवा स्टीलची घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी स्वस्त पडते, पण जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि निखारे त्याहून कितीतरी तापतात. फार तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो.

शेगडी कितीही चांगली असो, बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो दिसतही नाही. झोपेतच माणूस जातो. निखाऱ्यांवर राख धरली तरी तो वायू निघतच असतो.