काळी मुसळी: मातीला टेकलेलं पिवळं फूल

मृगाच्या सरी पडल्या की सह्याद्रीतल्या झाडोऱ्याखाली काळी मुसळी फुलते. पानं ताडाच्या कोवळ्या रोपासारखी, चुणीदार. फूल नसेल तर गवत समजून माणूस पुढे जातो. फूल अगदी जमिनीलगत, सहा पाकळ्यांचं, पिवळंधमक, मागच्या बाजूला बारीक लव. खरी गंमत खाली आहे. देठ वाटतो तो देठ नसतोच, ती बीजांडकोशाची लांब चोच! बीजांडकोश पानांच्या बुडाशी, मातीत दडलेला. त्यामुळे फळही तिथेच धरतं. पानाचं टोक मातीला टेकलं तर तिथूनही नवं रोप फुटू शकतं. औषधासाठी मात्र काळा कंदच खणून काढतात, म्हणजे झाडच गेलं. फोटो हवा असेल तर सरळ पोटावर आडवं व्हा, कपड्यांचं नंतर बघू.