फिरतीची नोकरी आणि शरीराची निगा

जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासणीसाठी हिंडणारे विस्तार अधिकारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बँकांचे निरीक्षक, तारखांसाठी गावोगाव जाणारे वकील आणि अलीकडे पुणे-बंगळूर अशा विमानाच्या खेपा घालणारे संगणक अभियंते, या सर्वांच्या पायांना उदरनिर्वाहानेच भिंगरी लावलेली असते. दौऱ्याचा कार्यक्रम मंजूर होतो, प्रवासभत्त्याचे बिल कचेरीत दाखल होते, भेटींचा तपशील अहवालात उतरतो. परंतु ज्या देहाच्या जोरावर हे सारे पार पडते, त्याची दखल कोणत्याही रकान्यात घेतली जात नाही. साहजिकच फिरतीवरच्या माणसांनी ऐकीव अनुभवांवरून आरोग्याचे काही नियम आपसांत ठरवून घेतले आहेत, आणि त्यांपैकी कित्येक वस्तुस्थितीच्या कसोटीला उतरत नाहीत. अशा पाच समजुतींचा येथे विचार करावयाचा आहे.

गैरसमज : दिवसभर फिरणाऱ्याला निराळ्या व्यायामाची गरज नाही.

वस्तुस्थिती : फिरते ते वाहन, शरीर बहुतेक वेळ एका जागी बसलेले असते. संध्याकाळी जाणवणारा थकवा खरा असला, तरी तो ऊन, धक्के, गोंगाट आणि अवघडलेपण यांचा असतो. हृदयाला बळ देणाऱ्या श्रमांचा नव्हे. हा भेद जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यक संशोधकाने 1953 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्पष्ट केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक आणि वाहक एकाच गाडीतून, एकाच रस्त्याने प्रवास करीत; मात्र चालक पाळीभर बसून असे आणि वाहक तिकिटांसाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांची कंबर मुळातच अधिक रुंद असल्याचे दिसून आले, आणि त्यामुळे सारा फरक केवळ श्रमांच्या पदरी टाकणे योग्य ठरेना. तथापि बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांविषयी 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातही, फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असेच निष्पन्न झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मुक्कामाच्या गावी पहाटे अर्धा तास झपाझप चालण्याचा नेम आठवड्यातून पाच दिवस पाळला, तरी हा हिशेब पुरा होतो, आणि त्याला ना साहित्य लागते ना कोणाची मंजुरी.

गैरसमज : बसायला जागा मिळाली की न हलता बसून राहणे हीच विश्रांती.

वस्तुस्थिती : पायांतील रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यत्वे पोटऱ्यांच्या स्नायूंच्या आकुंचनाने. हे स्नायू तासन्‌तास निश्चल राहिले, तर खोल शिरांमधील प्रवाह मंदावतो, तेथे रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते. 1940 साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून रात्री काढणाऱ्या लोकांमध्ये असे आकस्मिक मृत्यू वाढल्याचे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले होते. हा धोका विमानापुरता आहे, ही समजूतही चुकीची आहे. 4 तासांहून अधिक काळ बस, रेल्वे किंवा मोटारीत बसून राहिल्यानेही तो सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसाला तो मुळात अल्प असतो. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अतिस्थूल व्यक्तींनी दीर्घ प्रवासापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. एस.टी.च्या आसनावर पुढच्या बाकाला गुडघे टेकलेले असले, तरी टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचलावा, मग चवडा टेकवून टाच उचलावी, आणि हे दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा करावे, इतकी मोकळीक कोठेही मिळते. गाडी थांबली की खाली उतरून चार पावले चालावे. प्रवासानंतर एकच पाय सुजला व दुखू लागला, तर तेल चोळून दुखणे अंगावर न काढता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे; धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे.

गैरसमज : प्रवासात पाणी जितके कमी, तितकी सोय अधिक.

वस्तुस्थिती : ही समजूत हौसेची नव्हे, नाइलाजाची आहे, बसस्थानकांवरील स्वच्छतागृहांची अवस्था पाहता स्त्रियांनी दिवसभर घसा कोरडा ठेवावा याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही शरीर ही सबब मान्य करीत नाही. लघवी तुंबवून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, पाणी सतत कमी पडल्याने मुतखड्याला आमंत्रण मिळते, आणि उन्हाळ्यात डोकेदुखी व भोवळ तर ठरलेलीच. घरून भरून घेतलेले पाणी घोट-घोट पीत राहावे. बर्फाने जंतू मरतात, हीदेखील भ्रांती आहे. गोठवले तरी अनेक जंतू जिवंत राहतात, उकळल्याने मरतात. म्हणून रस्त्यावरच्या बर्फाच्या सरबतापेक्षा समोर उकळलेला चहा अधिक सुरक्षित. जुलाब लागलेच, तर पाणी तोडू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पीत राहावे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले.

गैरसमज : गाडी लागू नये म्हणून उपाशीपोटी निघावे.

वस्तुस्थिती : गाडी लागण्याचे मूळ पोटात नसते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय एक हालचाल कळवते, डोळे दुसरीच सांगतात, आणि या विसंगतीतून मळमळ उद्भवते. वरंध किंवा आंबोली घाटाच्या वळणांवर पुस्तक अथवा मोबाइल मिटून पुढच्या आसनावरून दूरच्या डोंगराकडे पाहत राहिल्यास उतार पडतो. उपवास व तळकट जेवण, दोन्ही टाळून हलका आहार घ्यावा. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

गैरसमज : खिडकी उघडून गार वारा घेतला की रात्रीचे वाहन चालवणे निर्धोक.

वस्तुस्थिती : सर्व समजुतींत ही सर्वांत घातक. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले, की सलग 17 तास जागलेल्या माणसाचे कौशल्य, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने आखलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून दिवसभराच्या भेटी उरकून रात्री दहानंतर घरी परतू पाहणारा चालक, मद्याचा थेंबही न घेता, मद्यपी चालकाच्या पंक्तीला जाऊन बसतो. वारा आणि गाणी झोप घालवीत नाहीत, क्षणभर झाकतात. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे तात्पुरते कामी येते. खरा उपाय मुक्काम करणे, हाच.

आणि येथेच जबाबदारी एकट्या प्रवाशाची उरत नाही. एका दिवसात चारशे किलोमीटर आणि सहा भेटी असा दौरा ज्या सहीने मंजूर होतो, त्याच सहीने मुक्कामाच्या रात्रीचा खर्चही मंजूर व्हावयास हवा. काटकसरीच्या नावाखाली तो नाकारणारी कचेरी वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात माणूस पणाला लावते. फिरतीवरील कर्मचाऱ्याने व्यायामाचा अर्धा तास, पाण्याची बाटली आणि झोपेची वेळ आपल्या कार्यक्रमात लिहून काढावी, आणि मंजुरी देणाऱ्याने त्यावर लाल रेघ मारू नये. असे झाले, तरच नोकरीचा प्रवास माणसाला निवृत्तीपर्यंत धडधाकट नेऊन पोचवील.