शनिवार तेली, त्यांची पेटी आणि त्यांची मायबोली



गळीत सुरू झाले की कारखान्याभोवतीच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. पाथर्डीकडची, बीडकडची माणसे भांडीकुंडी नि पोरेबाळे घेऊन येतात आणि पट्टा पडला की माघारी जातात. आपला ऊस त्यांच्या कोयत्याने तुटतो. पोटासाठी गाव सोडलेला माणूस परमुलखात कशाच्या आधारावर उभा राहतो, हा प्रश्न म्हणून आपल्या दारातलाच आहे. त्याचे उत्तर एका लहानशा मराठी समाजाने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. त्या समाजाचे नाव बेने इस्राएल. धर्माने हे लोक यहुदी, म्हणजे ज्यू, बोली मराठी, आणि मूळ धंदा तेलघाण्याचा.

शनिवारी घाणा बंद

जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात हे लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, त्यातून सात पुरुष नि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असे ते सांगत आले. यहुदी धर्मात शनिवार विसाव्याचा. त्या दिवशी घाण्याला बैल जुंपायचा नाही, मग गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहो. म्हणून गावाने त्यांचे नाव पाडले ‘शनिवार तेली’. आडनावे गावावरून पडली : केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. शुभकार्यात एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे आणि गोडाला साखर किंवा गूळ. म्हणजे उसाचा माल त्यांच्याही देवापुढे होताच, बरं का!

मुंबईची वाट

अठराव्या शतकात यातली कुटुंबे मुंबईला जाऊ लागली. कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले, कोणी सुतारकामाला, कोणी गवंड्याच्या हाताखाली. पुढची पिढी कचेऱ्यांत आणि रेल्वेत गेली. शहरात ना शेत, ना भाऊबंद. तेव्हा त्यांनी आधी एक ठिकाण उभे केले. सॅम्युएल दिवेकर या पलटणीतल्या गृहस्थाने १७९६ साली मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

या मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखाला काय म्हणत, ठाऊक आहे? मुकादम! त्याच्या हाताखाली चौगुले, आणि हिशेबाला खजिनदार. वर्गणी, नवसाची रक्कम, सणावाराचे दान असे सगळे एका पेटीत जायचे. त्यातून मंदिर चालायचे आणि अडल्यानडल्याला हात मिळायचा. हा मुकादम समाजाच्या पेटीला बांधलेला. आपल्या ओळखीचा मुकादम वेगळा. तो उचल देतो नि टोळी आणतो. शब्द तोच, पण पैसा कोणाचा आणि हिशेब कोण कोणाला देतो, यात सगळा फरक आला.

एका पेटीवर हे लोक थांबले नाहीत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा निघाली. पुढे ती माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपाला आली. १९१३ साली बायकांनी आपले स्त्री मंडळ काढले. घाण्यावरून निघालेल्या या समाजातले डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा.

धर्म यहुदी, कीर्तन मराठी

पेटीने पोट सांभाळले. मन कोणी सांभाळायचे? तिथे मराठी कामाला आली. वल्हांडण सणाचा धर्मग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापला गेला. बायामाणसांना कळेल अशी कथा हवी, म्हणून १८८० साली कीर्तनाला उत्तेजन देणारे मंडळ निघाले. योसेफाची कथा, मोशेची कथा, एस्तेर राणीची कथा. आणि चाली मात्र साकी-दिंडीच्या. दिवसभर राबलेला माणूस रात्री कीर्तनाला बसला की परका उरत नसे.

न्यूयॉर्कचीही तीच गोष्ट

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असेच घडले. १८८१ ते १९२४ या काळात रशिया आणि आसपासच्या मुलखातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेला गेले. त्यांची घरची बोली यिडिश. लिहायची हिब्रू अक्षरांत, पण घडण बरीचशी जर्मनची. न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत नगावर शिलाई करून ते पोट भरत. एका गावाहून आलेल्यांनी आपापली गाववाल्यांची मंडळी काढली. दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे. आजारपणात मदत, मेल्यावर माती देण्याची सोय. बऱ्याच मंडळींनी आधी दफनाची जमीनच घेतली. परमुलखात मेलो तर कोण उचलणार, ही धास्ती सगळ्यांत मोठी, दुसरे काय!

१९०० साली ‘आर्बेटर रिंग’, म्हणजे कामगारांचे वर्तुळ, ही त्यांची मोठी संस्था देशभर पसरू लागली. तिने डॉक्टर पुरवला, तशा यिडिशच्या शाळा नि गायनमंडळेही चालवली. ‘फोरव्हर्ट्स’ हे यिडिश दैनिक १८९७ पासून निघे. एके काळी त्याचा खप दोन लाखांच्या वर गेला. १९०९ साली शिलाईकाम करणाऱ्या हजारो पोरींनी संप केला. २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले, बहुतेक तरुण पोरी. त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याला कारखान्यांचे कायदे कडक करावे लागले. १९२७ साली याच कामगारांच्या संघटनेने ब्राँक्स भागात सहकारी घरे उभी केली. सहकार म्हणजे केवळ शेअर आणि डिव्हिडंड नव्हे, हे तिथे दिसते.

यिडिशला हे लोक ‘मामे-लोशन’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : आईची भाषा, मायबोली. गंमत अशी, की १९४८ नंतर आपले बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, तिथे त्यांनी मराठी नियतकालिक काढले, आणि त्याचे नाव ठेवले ‘मायबोली’. तिथेही वाट सोपी नव्हती. बऱ्याच जणांना वाळवंटातल्या नव्या गावांत कष्टाची कामे मिळाली. लग्नाच्या बाबतीत धर्मपीठाने त्यांच्याच ज्यूपणाची चौकशी मांडली. त्याविरुद्ध एकजुटीने आंदोलन करून १९६४ साली त्यांनी मान मिळवला.

मग आपल्या दारातल्यांचे काय?

आपणही पेटीतूनच उभे राहिलो आहोत. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअरचे पैसे जमवले, तेव्हा १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. एकट्याने होत नाही ते दहांनी मिळून होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण कोपीतल्या माणसाची पेटी कुठे आहे? त्याच्याकडे उचल आहे, म्हणजे कर्ज आहे. पेटी म्हणजे स्वतःचे पैसे. टोळीत कोणाला साप चावला, कोणी बाई अडली, तर तो पुन्हा मुकादमापुढेच हात पसरतो. दर खेपेला थोडी रक्कम टोळीच्या पेटीत, तेवढीच कारखान्याची भर, आणि हिशेब टोळीतल्याच दोघा-तिघांच्या, त्यात एका बाईच्या, हाती; एवढ्यापासून सुरुवात करता येईल. सोबत हंगामभर पोरांची शाळा, आणि महिन्यातून एक रात्र त्यांच्याच भारुडाची, त्यांच्याच गाण्याची. याला फार पैसा लागत नाही, मनावर घ्यावे लागते.

येत्या सर्वसाधारण सभेत कोणी तरी सभासदाने हा विषय मांडावा. रिकव्हरी नि भावाची चर्चा होईलच. तो ऊस तोडणारे हात कोणाच्या आधारावर आहेत, याचीही एकदा होऊ द्या.