झोंबी आणि तालीम

'झोंबी' हा शब्द परदेशातून येण्याची वाट कोल्हापूरला कधी पाहावी लागली नाही. आखाड्याच्या लाल मातीत दोन मल्ल परस्परांना भिडले, की त्या भिडण्याला झोंबी म्हणण्याचा इकडचा जुना प्रघात. आणि जवळच्याच कागल गावी जन्मलेल्या आनंद यादवांनी दारिद्र्याशी झुंजत शिक्षण मिळविल्याची आपली कहाणी १९८७ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिला त्यांनी हेच नाव दिले. आज मात्र शाळकरी मुलाच्या तोंडी हा शब्द आला, तर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते चित्रपटातील चालते प्रेत: ज्याला वाचा नाही, विवेक नाही, आणि ज्याचा दात लागताच धडधाकट माणूसही त्याच्याच जातीचा होऊन दुसऱ्याला चावत सुटतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ च्या मे महिन्यात या भयकल्पनेचा मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला. वादळ, भूकंप, महापूर यांसाठी घरात पाणी, अन्न, औषधे व कागदपत्रे सिद्ध ठेवा, हे वर्षानुवर्षे सांगूनही जे ऐकत नव्हते, त्यांना त्या केंद्राने 'अशा प्रेतांची फौज चालून आली, तर तुमच्या घरात काय काय असावे?' असा प्रश्न केला, आणि उत्तरादाखल दिलेली यादी वादळाच्या व भूकंपाच्याच तयारीची होती. या युक्तीत मला थिल्लरपणा दिसत नाही. फौज कल्पित असली, तरी तिच्या भयाचे एकेक अंग खरे आहे. रस्ते बंद होतात, पाणी नासते, वैद्य पोहोचू शकत नाही आणि एखादा चावा प्राण घेतो. आणि या चारही गोष्टींशी पंचगंगेकाठच्या या नगरीचा परिचय चांगलाच निकटचा आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे येथे लहान मुलांनाही पाठ असते; पाणी जामदार क्लबपर्यंत आले, एवढ्या एका वाक्यावर पेठेतील बायाबापड्या माळ्यावर सामान चढवू लागतात. २०१९ च्या ऑगस्टात ते पाणी ५५ फुटांच्याही वर चढले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि शिंगणापूर व बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्यात गेल्यामुळे सभोवार अथांग पाणी असूनही शहराचे नळ कोरडे पडले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग ओढवला. पुराच्या वार्ता ऐकताना आपले सारे लक्ष होडीकडे व बुडणाऱ्याकडे लागते आणि ते स्वाभाविकच आहे. पण पुराने वेढलेल्या घरातला एक रुग्ण असा असतो, की ज्याच्यासाठी कोणी आरडाओरडा करीत नाही. रक्तदाबाची गोळी संपलेले आजोबा, इन्सुलिनवर असलेली आजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागणारा कुटुंबाचा कर्ता पुरुष आणि नववा महिना लागलेली सून, यांच्यावरचे संकट पाण्याच्या पातळीबरोबर हळूहळू, निःशब्दपणे चढत जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की धोक्याच्या पातळीची वाट न पाहता, इशारा होताच या चौघांना रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे हलवावे. मागाहून होडीतून नेण्यात जे धैर्य खर्ची पडते, ते पूर्वीच दोन घटका विचार केला तर वाचते.

घरात एक पत्र्याची वा प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची पेटी असावी आणि ती मृगापूर्वी एकदा उघडून तपासावी. रोजच्या औषधांचा निदान दोन आठवड्यांचा साठा, डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल, स्वच्छ कापसाच्या घड्या, रुंद पट्ट्या, कात्री, अंगाचा साबण, पोव्हिडोन आयोडीन, तापमापक, विजेरी, तापावरच्या पॅरासिटामोलच्या गोळ्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटे, इतके त्यात असले तरी पुष्कळ झाले. वीज गेल्यावर इन्सुलिन कोठे ठेवावे, हा प्रश्न अवघड वाटतो. परंतु ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, कुपीला पाणी न लागेल अशा बेताने ठेवल्यास ते काही दिवस टिकते. पिण्याचे पाणी दर माणशी दररोज सुमारे ४ लिटर धरून भरून ठेवावे. पुढचे पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्यावे, आणि इंधन नसेल तर आरोग्य खात्याकडून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनुसार टाकून अर्धा तास थांबावे.

जुलाबाचे नाव काढले, की १९७१ सालच्या बनगावच्या छावणीचे स्मरण होते. बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून आले, त्यांच्यात पटकी पसरली, शिरेतून द्यावयाची सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजविले आणि मृत्यूचे प्रमाण विलक्षण खाली आणले. पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे व घोटघोट पाजीत राहावे. जेथे डॉक्टर पोहोचू शकत नाही तेथे आईचा हात पोहोचतो, हे त्या छावणीने जगाला दाखवून दिले.

पूर ओसरू लागला, की साप आडोसा शोधीत घरात, गंजीत, झाडावर येऊन बसतात. दंश झालेल्या माणसाला चालू देऊ नये, अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी व बांगड्या काढाव्यात आणि त्याला उचलून तडक दवाखान्यात न्यावे. करकचून दोरी आवळणे, चीर देणे, रक्त चोखणे या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, आणि ते देण्याचे काम दवाखान्याचेच आहे.

आता चाव्याकडे वळू. चालत्या प्रेताच्या कथेत जे अतिशयोक्त वाटते, ते जवळजवळ जसेच्या तसे आपल्या गल्लीत घडते, त्या रोगाचे नाव रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो, मज्जातंतूंच्या वाटेने कूर्मगतीने मेंदूकडे सरकतो आणि तेथे पोहोचल्यावर त्या प्राण्याची वृत्तीच पालटून त्याला चावत सुटावयास लावतो, म्हणजे आपल्या प्रसाराची तजवीज तो त्याच्याच दातांकडून करवून घेतो. माणसाला पाण्याचा घोट घशाशी नेणेही असह्य होते. म्हणून याला जलसंत्रास म्हणत. ही लक्षणे एकदा दिसू लागली, की वैद्यकाचे हात जवळजवळ टेकतात. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील तिसरा हिस्सा एकट्या भारताचा मानला जातो. या आकड्याने मला नेहमीच अस्वस्थ केले आहे, कारण हा मृत्यू टाळता येतो. विषाणूचा प्रवास बहुधा एक ते तीन महिने चालतो, आणि तो मेंदूत पोहोचण्यापूर्वी त्याला गाठण्याची विद्या लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी, कुत्र्याने ठिकठिकाणी चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून जगाला दिली.

त्या विद्येचा पहिला अर्धा भाग घरातल्या मोरीत पार पडतो. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावयाची. साबण येथे केवळ मळ काढीत नाही. विषाणूभोवतीचे चरबीचे कवच तो विरघळवितो आणि विषाणू निकामी होतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि जखम उघडीच ठेवून दवाखाना गाठावा. मिरचीची पूड, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. माझ्या लहानपणी आमच्या आळीत कुत्रे चावलेल्या मुलाच्या पोटरीत लाल तिखट चोळले गेले होते, आणि तो आक्रोश करीत असता त्याला धरून ठेवणारी मोठी माणसे मनाने दुष्ट मुळीच नव्हती; त्यांना साबणाचे कोणी सांगितलेच नव्हते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही धास्तीही त्याच काळातली. आता लस दंडात दिली जाते: स्नायूत द्यावयाची झाल्यास पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि त्वचेत द्यावयाची झाल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी. नुसता ओरखडा असला व रक्त आले नसले, तरी लस हवीच; रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेच्या भोवती व आत तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही द्यावे लागते, आणि ते मागून घेण्यात संकोच करू नये. चेहऱ्यावर वा डोक्यावर चावा असेल तर एक दिवसही दवडू नये, कारण तेथून मेंदू फार जवळ. आणखी एक गोष्ट आईबापांना कळकळीने सांगावीशी वाटते. रस्त्यावरच्या पिल्लाशी खेळताना दात लागला, तर मूल मार बसेल या भीतीने ते लपविते; म्हणून ज्या घरात अशी कबुली दिल्यावर रागावत नाहीत, त्याच घरात लस वेळेवर टोचली जाते.

हे सारे वाचून आत्मसात होत नाही, त्याला तालीम लागते. आणि तालीम या अरबी शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण. कोल्हापुरातील पेठापेठांच्या तालमींनी हा शब्द बलोपासनेला जोडला, शाहू महाराजांनी खासबागेत मैदान बांधून त्या उपासनेला राजाश्रय दिला, आणि महापुरात याच तालमींची व मंडळांची मुले व्हाइट आर्मीसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांबरोबर पाण्यात उतरलेली शहराने पाहिली. या मुलांना दर वर्षी मे महिन्यात प्रथमोपचाराचे पाठ मिळाले, तर त्यांच्या दंडांचे सार्थक होईल असे मला मनापासून वाटते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही तळव्यांनी दाब द्यावा, ती भिजली तर न उचलता वर दुसरी ठेवावी. मोडलेले हाड ओढून बसवू नये, आहे त्या स्थितीत आधार द्यावा. ही कामे बळाची आहेत तितकीच संयमाची.

आणि एक काम तर निव्वळ बळाचे आहे. कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे जुन्या माणसांचा थोरला दवाखाना, डोळ्यांपुढे येतो. वैद्यकात त्याच तीन अक्षरांनी थांबलेल्या हृदयाचे काम छातीवर दाब देऊन चालू ठेवण्याची क्रिया ओळखली जाते. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांतच मेंदू मरू लागतो, आणि १०८ ची रुग्णवाहिका कितीही त्वरेने निघाली तरी पाण्यातून तिला वाट नसते. अशा वेळी माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी तळव्यावर तळवा ठेवून, कोपर न वाकविता, मिनिटाला १०० ते १२० या गतीने सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबावे व दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. पाण्यात बुडालेला असेल, तर पालथा टाकून पोट दाबण्यात क्षण घालवू नयेत. त्याला आधी हवा हवी, म्हणून तोंडाने दोन श्वास देऊन मग ३० दाबांमागे २ श्वास हा क्रम धरावा. अंगमेहनतीची सवय असलेल्या पैलवानाचेही हात दोन मिनिटांत भरून येतात, दाब उथळ पडू लागतो, आणि ते त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून शेजारी दुसऱ्याने गुडघे टेकून तयार राहावे, मोठ्याने मोजावे, आणि दोन मिनिटे होताच एकही ठोका न चुकविता आपले हात त्याच्या जागी ठेवावेत.