रोही कुणाचा सोयरा?

हरभरा घाट्यात आला की जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची रात्र रानातच जाते. भोकरदन-जाफराबादची डोंगरकड असो की अंबड-घनसावंगीचा गोदाकाठ, जागलीच्या गप्पांत रोही आणि काळवीट हटकून येतात. त्यांनी केलेलं नुकसान सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या अंगाविषयी मात्र ऐकीव गोष्टीच जास्त.

रोही म्हणजे रानघोडा, हे पहिलं. मानेवरची आयाळ आणि पुढून उंच, मागे उतरती पाठ पाहून तसं वाटणारच. पण ओल्या रानात उमटलेलं पाऊल बघा. खूर दुभंगलेला असतो, घोड्याचा एकसंध. शिवाय रोही रवंथ करतो. मग रोह्याचं दुसरं नाव नीलगाय, ते तरी खरं का? पुस्तकं ठासून सांगतात की ही गाय नव्हे, कुरंग आहे, आशियातला सर्वांत मोठा. बरोबरच आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. प्राणिशास्त्रात रोही ज्या उपकुळात मोडतो, त्यातच गाय, म्हैस आणि गवा येतात. काळवीट दुसऱ्या उपकुळात. म्हणजे ज्याच्याबरोबर तो एकाच शिवारात चरतो त्या काळविटापेक्षा रोही गोठ्यातल्या गाईला जवळचा! त्याचा खरा सख्खा भाऊबंद चौसिंगा. नाव ठेवणारे अगदीच चुकले नव्हते म्हणायचे.

कळपात निळसर आणि तांबूस अशी दोन जातींची जनावरं असतात, हेही खरं नाही. निळसर-राखाडी तो वयात आलेला नर. मादी आणि पिल्लं तांबूस. कोवळे नरही तसेच. नराच्या गळ्यावर केसांचा झुपका लोंबतो. शिंगं फक्त नरालाच, तीही वीतभर. एवढ्या मोठ्या, दोनशे किलोच्या पुढे जाणाऱ्या धुडाला एवढीशी शिंगं कशाला, असा प्रश्न पडतो. पण नरांची झुंज म्हणजे बरेचदा पुढचे गुडघे टेकून मानेने रेटारेटी. तिथे शिंगापेक्षा मान कामी येते. म्हणूनच नराच्या मानेचं कातडं विलक्षण जाड असतं.

धुऱ्याजवळ लेंड्यांचा ढीग दिसला की कळप तिथेच बसला होता, असं आपण धरून चालतो. वास्तविक रोही ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो. तो ढीग अनेक दिवसांचा असतो. संख्या वाढण्याचं एक कारणही त्याच्या शरीरातच आहे: गर्भ साधारण आठ महिन्यांचा आणि जुळी पिल्लं होणं नेहमीचं.

काळविटाकडे वळलं की चर्चा शिंगांवरच येते. ती दरवर्षी गळतात, ही समजूत चितळ-सांबरावरून आली असावी. त्यांची शिंगं भरीव हाडाची. ती झडतात आणि नवी येतात. काळविटाचं शिंग म्हणजे कवटीतून आलेलं हाड आणि त्यावर नखासारख्या द्रव्याचं पोकळ टोपण. पोळ्याला आपण साळतो-रंगवतो ते बैलाचं शिंग असंच असतं. ते एकदा तुटलं की तुटलं. त्यावरच्या कड्या मोजून वय सांगणारेही भेटतात, पण त्या वर्षाला एक अशा हिशेबाने येत नाहीत. काळा रंगसुद्धा जन्माचा नसतो. तो वयात आलेल्या नरालाच चढतो आणि विणीचा काळ सरला की बऱ्याचदा फिकटतो. डोळ्यापुढची खाच पाहून काळवीट रडतो म्हणतात. ती गंधग्रंथी आहे. तिचा चिकट स्राव काडीच्या टोकाला पुसून नर आपली हद्द आखतो.

शिंगांच्या ऐकीव गोष्टींत राहिलं कोल्ह्याचं शिंग. पैसा टिकतो म्हणून ते तिजोरीत ठेवणारी घरं आजही आहेत. कोल्हा कुत्र्याच्या कुळातला. त्या कुळात कुणालाच शिंग नसतं. विकणारे बहुधा कातड्याचा तुकडा गुंडाळून, केस ठेवून ते बनवतात. यात कोल्हे मारले जातात आणि रानातले उंदीर खाणारा एक गडी कमी होतो. शिंग खरं असेल, म्हणजे रानात सापडलेलं काळविटाचं, तरी ते शोभेसाठी घरी नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सरकारी मालमत्ता ठरतं. वनरक्षकाला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा.